गाभण आहे, पाच महिन्यांची

सत्तावीस वर्षं मी मोटारसायकलच्या जिवावर पोट भरलं. गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हे माझं काम. गाडीच्या मागं गोठवलेल्या रेतमात्रांचा नायट्रोजनचा कंटेनर बांधायचा, सकाळी राहू गावातून निघायचं, फोन येईल तसं पारगावचा पूल ओलांडून शिरूरच्या गावांत शिरायचं, नाहीतर खाली भांडगाव-पाटसकडं वळायचं. पावसाळ्यात चिखल, हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, बाकीचे महिने धूळ. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे पहिल्या भेटीत सांगतो. दुसऱ्या भेटीला ते पुन्हा डॉक्टरच म्हणतात. आता मी सांगायचं सोडून दिलं आहे.

भांडगावात एका बागायतदाराच्या गोठ्यात गेलो होतो, तेव्हा तो नुकताच हिमाचलची मोटारसायकल सहल करून आला होता. पाच-सहा जणांचा गट, पुढं एक वाटाड्या, डोंगरातल्या गावांमधून आठ दिवस. मी गाय माजावर आहे का बघत असतानाच त्यानं मला मोबाईलवर रस्त्याचे फोटो दाखवले. दगड, पाणी, एका बाजूला दरी. मी म्हणालो, दरी सोडली तर हा रस्ता आमच्या उसाच्या फडात जायच्या रस्त्यापेक्षा बरा दिसतोय. त्याला ते लागलं असावं. "मग जाऊनच या एकदा, तवा कळंल," तो म्हणाला. मी त्याच्याकडून नंबर घेतला आणि त्याच संध्याकाळी फोन केला.

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं भाकरी थापणं थांबवलं नाही. रोज दिवसभर गाडीवरच असता, सुट्टीत पण गाडीवरच बसणार का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो की रोज मी गाईसाठी जातो, या वेळी नुसता जाणार आहे. तिला ते पटलं की नाही कळलं नाही, पण माझी बॅग तिनंच भरली. माझी गावं शेजारच्या केंद्रावरच्या सहकाऱ्यानं दहा दिवस सांभाळायचं कबूल केलं. ऑक्टोबर लागला होता.

शिमल्याला आम्ही पाच जण जमलो. नाशिकचे एक निवृत्त बँक अधिकारी, बेंगळुरूचं एक तरुण जोडपं, नागपूरचा एक शिक्षक आणि मी. वयानं बँकवाल्यांच्या खालोखाल मीच. आमची वाटाडी अठ्ठावीस-तीस वर्षांची मुलगी होती, किन्नौरचीच. बाप ट्रकड्रायव्हर, त्यामुळं तो रस्ता तिला लहानपणापासून पाठ. तिनं नियम सांगितले. तिच्या पुढं कुणी जायचं नाही. आरशात मागचा दिसला पाहिजे. दिसला नाही तर थांबायचं. सकाळी आठला निघणार म्हणजे आठला निघणार. सगळ्यात मागं सामानाची गाडी आणि मेकॅनिक.

मला दिलेली गाडी माझ्या गाडीच्या दुपटीनं जड होती. पण तासाभरात हाताला बसली. मागं कंटेनर नाही, खिशात सतत वाजणारा फोन नाही, कुणाची गाय माजावरून उतरेल म्हणून घाई नाही. बँकवाले वळणावर अडखळायचे, शिक्षक खडीवर पाय टेकत जायचा. मी आरामात होतो, आणि तसं सगळ्यांना दिसावं असंही मला वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी एक लांब उतार लागला. मी सवयीनं गाडी न्यूट्रल केली. भुलेश्वरचा घाट यवतकडं उतरताना मी कायम तसंच करतो, पेट्रोल वाचतं. चार-पाच वळणं झाली असतील, तेवढ्यात पुढं चाललेल्या वाटाडीनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हेल्मेट काढून ती सरळ माझ्याकडं आली.

"अंकल जी, न्यूट्रल में उतर रहे हो?"

मी हो म्हणालो. तिला ते इंजिनाच्या आवाजावरून समजलं होतं. तिनं मला पुढच्या चाकाच्या ब्रेकजवळ हात न्यायला सांगितला. बोट लावायची गरज पडली नाही, चार इंचांवरूनच चटका बसत होता. अजून दहा किलोमीटर उतार आहे, तिनं सांगितलं. ब्रेक तापून सुटला तर गाडी थांबवायला खाली फक्त सतलज आहे. आवाज चढवला नाही. पण गाडी गियरमध्ये ठेवायला सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मला दुसऱ्या नंबरावर, थेट तिच्या मागं घेतलं.

पहिली दोन वळणं मी रागातच काढली. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी मला गाडी शिकवते. मग दुसऱ्या गियरमध्ये इंजिनच गाडी ओढून धरतंय, ब्रेकला नुसतं बोट लावावं लागतंय, हे जाणवलं, आणि राग गेला. ती वळणाच्या आधी कुठं वेग सोडते, ट्रक आला तर कुठल्या कडेला सरकते, ओल्या दगडावर मान कशी ताठ ठेवते, हे मी बघत राहिलो. सत्तावीस वर्षांत मला कुणी गाडी शिकवलीच नव्हती. खाली पोचल्यावर मी तिला म्हणालो, ठीक सांगितलंस. तिनं नुसती मान हलवली.

एक खोड मात्र माझी गेली नाही. गाय दिसली की मी गाडी हळू करायचो. त्या बाजूला लहान चणीच्या पहाडी गायी, मधूनच जर्सीचं रक्त असलेली एखादी. कुणाची कास चांगली, कुणाच्या खुरांत खोट, हे मनात आपोआप नोंदलं जायचं. दोनदा वाटाडीनं आरशात बघून मला पुढं यायची खूण केली.

चौथ्या दिवशी आम्ही सतलजच्या वर, सफरचंदाच्या बागांमधल्या एका गावात मुक्कामाला थांबलो. लाकडी घर, वर राहायच्या खोल्या, खाली गोठा. घरमालकीण साठीची बाई. सगळे तिला अम्मा जी म्हणत होते. तिची नातवंडं शिकायला बाहेर, मुलगा खाली कुठंतरी नोकरीला. सफरचंदं उतरवायची धांदल चालू होती, तरी तिनं आम्हाला गरम जेवण वाढलं.

सकाळी सहाला मला जाग आली. गोठ्याचा वास घरात येत होता, मला बरं वाटलं. मी खाली उतरलो. अम्मा चारा टाकत होती. एक म्हातारी गाय, एक कालवड, आणि तिसरी लाल रंगाची, जर्सीच्या वळणाची, वयानं सहा-सात वर्षांची. मी माझ्या हिंदीत विचारलं, ही किती दूध देते. अम्मा म्हणाली, काही नाही. हिवाळ्यात दोनदा इंजेक्शन भरलं, दोन्ही वेळा गाभ थांबला नाही. मे महिन्यात गावच्या गुरांबरोबर वर कुरणात पाठवली, महिन्यापूर्वी खाली आणली. आता वांझ गाय हिवाळाभर कशी पोसायची, गवत तर मोजकं. येत्या आठवड्यात पुतण्या येणार होता आणि तिला खाली गोशाळेत सोडून येणार होता. हे सांगताना अम्मा गाईकडं बघत नव्हती.

मी गाईच्या मागं जाऊन उभा राहिलो. पोटाचा उजवा भाग जरा भरलेला वाटला, पण पोट भरलेली गाय तशीही दिसते. मी विचारलं, वर कुरणात वळू होता का. अम्मानं सांगितलं, असतोच एक गावचा. मग ती माजावर कधी आली होती शेवटची? अम्माला आठवेना. वर तर गुराखीच असतात, ते कशाला लक्ष ठेवतील.

मला आता बघितल्याशिवाय राहवणार नव्हतं. पण मी पाहुणा. तिची भाषा मला येत नाही, माझी हिंदी गोठ्यापुरती. हातमोजे घरी राहिलेले. मी आमच्या वाटाडीला उठवायला वर गेलो. ती आधीच उठून शेगडीजवळ चहा घेत होती. मी तिला सगळं सांगितलं: माझं काम काय, मला काय शंका आहे, आणि दहा मिनिटं लागतील. तिनं घड्याळ बघितलं. सात वाजले होते.

"अंकल जी, पक्का पता चलेगा, या अंदाज़ा?"

"पक्का," मी म्हणालो.

ती खाली आली. अम्माशी त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलली. अम्मा माझ्या हाताकडं बघत होती. शेवटी तिनं घरातून मोहरीच्या तेलाची वाटी आणली. मी अंगठी काढून खिशात टाकली, शर्टाची बाही खांद्यापर्यंत दुमडली. नखं माझी कायमच कापलेली असतात. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही उघड्या हातानंच तपासायचो, त्यामुळं त्याची काही अडचण नव्हती. गाईची शेपटी धरायला कुणी तरी हवं होतं. वाटाडीनं ती दोन्ही हातांनी धरली आणि तोंड दुसरीकडं वळवलं.

गाय एकदा पाय झाडून शांत झाली. शेणाच्या वाटेनं हात आत घातला, आतलं शेण काढलं, हात पुढं सरकवला. बाहेर थंडी इतकी की हाताचा आत गेलेला भाग तेवढाच गरम होता. गर्भाशय जिथं सापडायला हवं तिथं नव्हतं; जड होऊन पुढं खाली उतरलं होतं. त्याच्या भिंतीला, गाभ धरला की येतात तशा, सुपारीएवढ्या गाठी लागल्या, एक, दोन, तीन. मग बाजूची शीर शोधली. गाभण गाईची ती शीर बोटाखाली नुसती उडत नाही, झणझणते. एकदा जाणवली की विसरत नाही. ती झणझणत होती. खात्री म्हणून मी दुसऱ्यांदा चाचपलं. मग हात बाहेर काढला.

"गाभण आहे," मी मराठीतच बोललो, कारण त्या क्षणी दुसरी भाषा सुचली नाही. "पाच महिन्यांची."

वाटाडीला ते कळलं असावं, तिनं शेपटी सोडली. मी हिंदीत पुन्हा सांगितलं: पोटात वासरू आहे, फेब्रुवारीत व्यायेल. तिनं अम्माला सांगितलं. अम्माचा विश्वास बसला नाही. तिनं मला प्रश्न विचारला, वाटाडीनं तो मला हिंदीत दिला: इंजेक्शनवाल्या माणसानं तर हिला दोष आहे असं सांगितलं होतं, मग तुम्ही खरे की तो? मी म्हणालो, त्यानं हिवाळ्यात बघितली तेव्हा त्याचंही खरं असेल. मी आज बघतोय, आणि आज ती गाभण आहे. वांझ म्हणून गाय सोडायची, तर आधी फेब्रुवारीपर्यंत थांबा. पुतण्या आला की त्याला रिकामाच परत पाठवा.

अम्मा गाईजवळ गेली आणि तिच्या शिंगांच्या मधल्या जागी बोटांनी खाजवत उभी राहिली. मग तिनं टाकलेल्या चाऱ्यात अजून एक पेंढी टाकली. मला तेवढं उत्तर पुरेसं होतं.

बाहेरच्या नळाचं पाणी बर्फासारखं होतं. हात धुताना बोटं बधिर झाली, आणि निघताना क्लच धरता येईना. वाटाडीनं आठाऐवजी साडेआठला निघायचं ठरवलं आणि बाकीच्यांना कारण सांगितलं. बेंगळुरूच्या मुलीला गोठा बघायचा होता, ती धावत खाली जाऊन आली. बँकवाले मात्र दुपारच्या जेवणाला माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले. साबणानं तीनदा हात धुतले तरी तो वास दिवसभर जात नाही, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

त्या दिवशी गाडी चालवताना मनात एकदा शंका आली. लहान चणीचं जनावर, अनोळखी जात, उघडा हात. महिना इकडं-तिकडं होऊ शकतो. पण गाभण आहे की नाही यात शंका आली नाही. ती शीर मी हजारो गाईंत बोटाखाली धरली आहे. मी वाटाडीला संध्याकाळी म्हणालो, चुकलं तर मला फोन कर, मी अम्माची माफी मागेन. ती म्हणाली, बरोबर आलं तरी करते.

उरलेले दिवस चांगले गेले. एका ओढ्यात शिक्षकाची गाडी पाण्यात बंद पडली, तेव्हा मी आणि मेकॅनिकनं ती ढकलून काढली. शेवटच्या दिवशी वाटाडीनं मला सगळ्यांच्या मागं, सामानाच्या गाडीच्या पुढं ठेवलं. मागं ज्याला ठेवतात त्याच्यावर भरवसा असतो, एवढं मला आता माहीत झालं होतं.

घरी आलो, कामाला लागलो. साखर कारखाना सुरू झाला, पाटसकडचे रस्ते उसानं भरून गेले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी न्हावऱ्यात एका गोठ्यात होतो, हात गाईच्या आत, तेव्हा फोन वाजला. मालकानं माझ्या खिशातून काढून कानाला लावून दिला. वाटाडी होती. गावात गुडघाभर बर्फ आहे, ती म्हणाली, आणि अम्माची लाल गाय काल दुपारी व्याली. कालवड झाली, दोघी धडधाकट. अम्मानं सगळ्या गावाला सांगितलं आहे की महाराष्ट्रातून एक डॉक्टर आला होता. आणि आता गावातले आणखी चार जण विचारतायत, हा डॉक्टर पुन्हा कधी येणार.

मी म्हणालो, ऑक्टोबरमध्ये, या वेळी हातमोजे घेऊन. फोन ठेवल्यावर गोठ्याच्या मालकानं विचारलं, कुणाचा होता.

"हिमाचलची एक गाय होती, मी गाभण सांगितली होती," मी म्हणालो. "व्याली."

"आन् आमची?" त्यानं विचारलं.

मी हात अजून थोडा पुढं सरकवला आणि त्याच्या गाईचं बघू लागलो.