तिसऱ्या सिलिंडरची यती

ज्या वसंतात सगळं जग दारं लावून घरात बसलं, त्या वसंतात माझ्या नवऱ्याने एक जुना पिकअप ट्रक घ्यायचं ठरवलं. लोक पीठ आंबवत होते, केस घरीच कापत होते, खिडकीत तुळस वाढवत होते. आमच्याकडे हॉट रॉड होणार होता.

हॉट रॉड म्हणजे काय, ते त्याने मला वरणभात कालवता कालवता समजावलं. जुनी गाडी घ्यायची, तिच्या अंगावरचं अनावश्यक ते सगळं उतरवायचं, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं आणि तिला इतकं खाली आणायचं की ती रस्त्याच्या कानात काही सांगते आहे असं वाटावं.

"थोडक्यात," मी म्हटलं, "संन्यास आणि शृंगार एकाच वेळी."

"बजेटमध्ये," तो म्हणाला.

आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी राहतो. या गावात दगड भिरकावला तर तो एखाद्या अभियंत्याला लागतो, आणि दुसरा भिरकावला तर बहुधा मराठी अभियंत्याला. माझा नवरा ज्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, ती यंत्रं केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक रेषा नुसत्या प्रकाशाने काढतात. मात्र सायकल पंक्चर झाली की तो ती हाताने धरून दुकानापर्यंत चालत नेतो आणि वाटेत कुणी भेटलं तर त्याला व्यायाम म्हणतो.

ट्रक आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांचा होता. त्यांनी जन्मभर पांढरा अ‍ॅस्परॅगस पिकवला होता. शेत विकलं होतं, पण विटांचं कोठार राखलं होतं. पायात बाराही महिने क्लोम्पन, म्हणजे इथले लाकडी बूट. ते येत असले की आधी आवाज यायचा, मग माणूस. त्यांच्या बायकोची आठवण उसवत चालली होती. वर्षभरापूर्वी तिला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं होतं, आणि आता साथीमुळे ते घर भेटायला येणाऱ्यांना बंद झालं होतं.

"रोज दुपारी मी तिच्या खिडकीखाली उभा राहतो," दीड मीटरचं अंतर नेमकं राखून त्यांनी आम्हांला सांगितलं. "मी हात हलवतो. तीही हलवते. पण शेजारीणबाई, ती सगळ्यांनाच हलवते. काल पोस्टमनला माझ्यापेक्षा जास्त वेळ हलवला."

नवऱ्याने घसा खाकरून किंमत विचारली.

"एका बऱ्यापैकी सायकलीएवढी. आणि एक अट. गाडी रस्त्यावर आली की एकदा तिच्या खिडकीखाली न्यायची. मी तुझ्या शेजारी बसेन. ही गाडी ती ओळखते. पस्तीस वर्षं ही वळणावर ऐकू आली की ती बटाटे चुलीवरून उतरवायची."

मग त्यांनी किल्ली फिरवली. कोठारात आधी वास पसरला: शिळ्या पेट्रोलचा गोडसर, कुबट वास, त्यामागून ओल्या मातीचा आणि कोंबडीच्या पिसांचा. मग पत्रा थरथरला, आणि इंजिन बोलू लागलं. धक्, धक्, धक्, आणि एक रिकामी जागा. पुन्हा तीन ठोके, पुन्हा रिकामी जागा. मी एम.ए.ला दोन वर्षं छंदशास्त्र वाचलं आहे. त्याचा उपयोग काय, असं सासरी आणि माहेरी मिळून अनेकांनी विचारलं आहे. त्या दिवशी मला वाटलं, याचा उपयोग हा. ओळीत जिथे श्वास घ्यायला थांबतात त्या जागेला यती म्हणतात. हे इंजिन चौथ्या पावलाला यती घेत होतं. मी वहीत टिपून ठेवलं: तीन मात्रा आणि एक निःश्वास.

नवऱ्यानेही टिपून ठेवलं. त्याने लिहिलं: मिसफायर.

प्रकल्पात माणसं दोन. दुसरा त्याचा मित्र, मूळ नागपूरचा, एनस्खेडेच्या तांत्रिक विद्यापीठात धातूंवर संशोधन करणारा. सरकारी नियमानुसार घरी किती पाहुणे चालतील ते दर पंधरवड्याला बदले. हा गृहस्थ एकच असल्याने प्रत्येक नियमात बसे. शनिवारी सकाळच्या रेल्वेने तो आला, ट्रकभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "वहिनी, याला गंज नाही लागला. गंजाला थोडी गाडी लागून राहिली."

"किती वेळ लागेल?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"दोन स्प्रिंट," नवरा म्हणाला. त्याच्या ऑफिसच्या भाषेत त्याचा अर्थ चार आठवडे. शेजाऱ्यांनी समाधानाने मान हलवली. डच माणूस दिलेली वेळ खरी मानतो, हा आमच्या संस्कृतींमधला मूलभूत फरक.

कोठाराच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या. करायचं आहे, चालू आहे, झालं: असे तीन रकाने. दर शनिवारी नऊ वाजता दोघं उभ्याने सभा घेत. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा कोणता. अडथळा बहुधा पाना हा असे. कुठला पाना कुठल्या बोल्टला लागतो, यावर त्यांनी एक एक्सेल केलं, त्यात सूत्रं घातली, रंग भरले. शेजारी दाराशी उलट्या बादलीवर बसून हे पाहत. एकदा त्यांनी न राहवून खिशातून पक्कड काढली, बोल्ट फिरवला आणि पुन्हा बसले. त्या दिवशीच्या नोंदीत तो बोल्ट "बाह्य सहकार्याने" सुटल्याचं लिहिलेलं आहे.

नोंदवलेल्या प्रत्येक दोषाला ते तिकीट म्हणत. पहिली चिठ्ठी होती: तिकीट क्रमांक एक, मिसफायर, तिसरा सिलिंडर.

दोन स्प्रिंट संपले तेव्हा गाडीची चाकं निघाली होती. चार संपले तेव्हा ती कुठे ठेवली हे आठवत नव्हतं. उन्हाळ्यात नियम सैलावले आणि शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा, मास्क लावून, बायकोच्या खोलीत जाता आलं. आम्ही सगळे त्यांच्यासाठी आनंदलो. पुढच्या शनिवारी ते बादलीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"तिला वाटलं मी मीटर बघायला आलोय," ते म्हणाले. "फार चांगली वागली. तळघराचा जिना कुठे आहे ते सांगितलं. पायरी जपा म्हणाली." थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या खोलीला तळघर नाही."

मग त्यांनी टोपी घातली. "जरा घाई करा," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून शनिवारच्या जोडीला रविवारही आला. माणसं खरंच घाईला लागली की सभा लहान होतात, हे मी प्रथमच पाहिलं. बॉनेट उतरलं. मागच्या हौद्याच्या फळ्या उतरल्या. छताचा पत्रा घासताना उडणारी लाल धूळ चहात पडे आणि चहाला नाण्यासारखी चव येई. दसऱ्याला नवऱ्याने पाने-पक्कडींची पूजा मांडली. झेंडू न मिळाल्याने पिवळी शेवंती वाहिली. मित्र बौद्ध. तो कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "तुमची पूजा होऊ दे. तोवर मी ते पाने पुसून घेतो, तुम्ही लोक नुसतं कुंकू लावता." पेढा मात्र त्यानेच दोनदा घेतला.

आणि त्याच आठवड्यात तिकीट क्रमांक एक बंद झालं. दोघांनी तिसऱ्या सिलिंडरची झडप बसवली, स्पार्क प्लग बदलला, कार्ब्युरेटर स्वयंपाकघरातल्या माझ्या चाळणीवर धुतला. किल्ली फिरली. धक् धक् धक् धक्. एकसंध, गुळगुळीत, कुठेही फट नाही. नवऱ्याचे डोळे ओलावले. आमच्या लग्नात ते कोरडे होते. शेजाऱ्यांनी अंगठा वर केला. "शिवणयंत्रासारखी चालते," ते म्हणाले. इकडे इंजिनाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. चिठ्ठी "झालं" या रकान्यात गेली. मीही टाळ्या वाजवल्या. ज्या बाईने वहीत निःश्वास टिपला होता, तिनेही.

सायलेन्सर नवा, गडगडाटी घ्यायचा होता. पण बजेट या शब्दाने तिथे आपलं खरं रूप दाखवलं आणि जुनाच राहिला. त्याऐवजी त्यांनी गाडी खाली आणली. हा देश तळहातासारखा सपाट, तेव्हा कितीही खाली आणली तरी चालेल, असं गणित मांडलं होतं. गणित निर्दोष होतं.

हिवाळा सरता सरता गाडीने सरकारी तपासणी पार केली. त्याच सुमारास शुश्रूषागृहात कुणाला तरी लागण झाली आणि ते पुन्हा बंद झालं. शेजारी पुन्हा खिडकीखाली. आता ती हातही हलवत नव्हती.

"उद्या," नवरा म्हणाला, आणि वर्षात प्रथमच त्याचा उद्या दुसऱ्या दिवशी उजाडला.

शेजारी दाढी करून आले. साबणाचा थंड, स्वच्छ वास त्यांच्याआधी दोन पावलं चालत होता. ते नवऱ्याशेजारी बसले, दोघांच्या तोंडाला मास्क, काचा खाली. मी आणि मित्र सायकलींवर मागे. गल्लीच्या तोंडाशीच पहिला गतिरोधक आला आणि गाडीच्या पोटाने त्यावर असा काही टाहो फोडला की तीन घरांचे पडदे हलले. ज्या देशाला निसर्गाने टेकडी दिली नाही, तिथल्या नगरपालिकेने दर शंभर पावलांवर स्वतःची उभारलेली आहे. एक्सेलमध्ये तिचा रकाना नव्हता. तेव्हापासून प्रत्येक गतिरोधकापाशी शेजारी उतरत, वजन कमी झालेली गाडी इंचाइंचाने पलीकडे जाई, आणि ते क्लोम्पन वाजवत पुन्हा आत बसत.

"पालखीतून उतरून चालणारा राजा पाह्यला का वहिनी कधी?" मित्र म्हणाला.

शुश्रूषागृह विटांचं, दुमजली. खालच्या हिरवळीवर बर्फ नुकताच वितळलेला, मातीला ओल्या लोकरीचा वास. पहिल्या मजल्यावरच्या तिसऱ्या खिडकीत एक पांढरं डोकं दिसत होतं, बाजूला वळलेलं. नवऱ्याने गाडी खाली उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. धक् धक् धक् धक्.

डोकं हललं नाही.

नवऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन रेशमासारखं सळसळलं. शेजारी उतरून हिरवळीवर उभे राहिले, मास्क हनुवटीखाली ओढला, हात वर केला. वरच्या बाईने एकदा खाली पाहिलं, कुठलीही गाडी पाहावी तसं, आणि पुन्हा मान वळवली.

"ऐकू येत नसेल," नवरा म्हणाला.

"येतंय," शेजारी म्हणाले. त्यांचा हात अजून वरच होता. "कान उत्तम आहेत तिचे."

मी डोळे मिटले आणि ती काय ऐकत असेल ते ऐकू लागले. एक शिवणयंत्र. कुणाचंही, कुठलंही. तेव्हा मला माझी वही आठवली आणि लाजेने कानशिलं तापली.

"यती," मी म्हटलं.

"काय?"

"तो रिकामा ठोका. पस्तीस वर्षं ती तीन ठोके आणि एक रिकामी जागा ऐकत होती. तुम्ही ती जागा बुजवलीत. काढ ते."

"काय काढ? तिकीट क्रमांक एक? अगं, सात महिने लागले ते क्लोज करायला!"

"तर रीओपन कर न बे!" मित्र सायकल टाकून धावला. बॉनेट नव्हतंच, हॉट रॉडचा तो एकमेव व्यवहारी फायदा. "कोणता सिलिंडर होता?"

नवऱ्याने, माझ्या डोळ्यांदेखत, फोनवर एक्सेल उघडलं. "तिसरा," तो म्हणाला, आणि मला कबूल केलं पाहिजे की रंग भरलेला तो रकाना त्या क्षणी फार सुंदर दिसला.

"हातमोजा घाल, नाहीतर तूच हॉट रॉड होशील," मित्राने त्याला दटावलं. नवऱ्याने जाड रबरी हातमोजा चढवला, तिसऱ्या प्लगची तार धरली, आणि सात महिन्यांचं काम एका हिसक्यात उपटलं.

गाडी थडथडली. कचरली. मग धक्, धक्, धक्, आणि श्वास. धक्, धक्, धक्, आणि श्वास. न जळता वाया गेलेल्या पेट्रोलचा तोच जुना गोडसर वास हिरवळीवर उतरला.

वरचं डोकं वळलं. सावकाश नाही, झटक्यात, भांड्यातलं दूध वर आल्यावर वळतं तसं. ती उठली. खिडकी वरच्या अंगाने विताएवढी कलली, आणि त्या फटीतून एक खणखणीत, चिडलेला आवाज खाली आला.

"किती हा उशीर! आणि क्लोम्पन बाहेर काढ! आत्ताच फरशी पुसलीय."

शेजाऱ्यांचा वर केलेला हात खाली आला. ते वाकले, एका हाताने गाडीचा काठ धरून आधी उजवा, मग डावा क्लोम्प काढला, दोन्ही जोडीने हिरवळीच्या कडेला नीट लावून ठेवले, टाचा भिंतीकडे. मग ओल्या गवतात राखी मोज्यांवर उभे राहिले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

तिने ते वरून तपासलं. "बरं," ती म्हणाली. "बटाटे उतरवलेत." आणि खिडकी लावून घेतली.

"बंद करू?" नवऱ्याने हलकेच विचारलं. तार त्याच्या हातमोज्यात लोंबत होती.

"राहू दे थोडा वेळ," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी कोठारात गेले तेव्हा तिकीट क्रमांक एक पहिल्या रकान्यात परत आलं होतं. त्याखाली नवऱ्याच्या सुबक अक्षरात, त्याच्या धंद्यातला सर्वांत लाजिरवाणा शेरा होता: दोष माहीत आहे, दुरुस्त करणार नाही. मित्राने त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं, आणि पूजेवर विश्वास नसलेल्या माणसाने हे का केलं, ते मी त्याला विचारलं नाही. बाहेर गाडी तापत होती. शेजारी आत बसलेच होते, मास्क लावून, लाकडी बूट मांडीवर घेऊन.