बबनभाऊंनी लावलेला दिवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, आणि ह्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. जाऊ दे — सांगतेच.

आमच्या ह्यांनी, इस्माईलनी, सगळी उमेदीची वर्षं आखातात ट्रेलर चालवला. कायमचे महाडला परतले तेव्हा वाटलं, आता हा माणूस घरात दिसेल. बाजारातून मासळी आणेल, पेपर वाचता वाचता चहा थंड करून पिईल. फार मागत होते का मी? पण ह्यांनी आल्याआल्या एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आतल्या सीट काढून तिच्यात घर करायला घेतलं — पलंग, ओटा, पाण्याची टाकी. म्हणाले, "तू एकटीनं घर सांभाळलंस. आता तुला देश दाखवतो."

ओटा माझ्या उंचीचा केला हो त्यांनी! मला उभं करून, कोपरापर्यंत टेप लावून माप घेतलं. अशा माणसाला कसं सांगायचं, की मला कुठे जायचंच नाही? की तुम्ही आत्ता तर आलात, आता बसा ना घरात माझ्यासोबत? नाही सांगता आलं.

गाडीचं वायरिंग बबनभाऊंनी केलं. ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. पोलादपूरला हायवेलगत त्यांचं दुकान होतं, गाड्यांच्या वायरिंगचं. संध्याकाळी दुकान बंद करून आमच्याकडे यायचे. दोघं गाडीखाली आडवे पडून शाळेतल्या मास्तरांच्या नकला करायचे आणि मी पायरीवर बसून हसत सुटायचे. काम कमी, दंगा जास्त. मध्येच बबनभाऊ बजावायचे, "इस्माईल, पलंगानं मागचा दरवाजा आडवलायस रे. सिलिंडरला पट्टा पन नाय. पासिंगला हे चालायचं नाय." गाडी रस्त्यावर आणण्यालायक आहे की नाही ते आरटीओचे साहेब तपासतात, ते पासिंग. हे हसण्यावारी न्यायचे. "तू तुझ्या वायरी बघ."

पासिंगच्या आदल्या संध्याकाळी बबनभाऊंनी मला गाडीच्या मागे उभं केलं आणि स्वतः पुढे बसून ब्रेक दाबला. "दिवा लागला काय भाभी?" लागला होता. चांगला लालभडक. मी तसं ओरडून सांगितलंही. मग त्यांनी मला पलंगाशेजारचं कपाट उघडून आतला प्लग दाखवला. वाटेत मागचे दिवे गेले तर आधी इथे बघायचं, म्हणाले. इस्माईलला सांगून उपयोग नाय, तुमच्या ध्यानात ऱ्हाईल.

राहिलं ना ध्यानात.

सकाळी हे आंघोळीला गेले होते. मी कपाटात चादरी ठेवत होते. हात प्लगकडे गेला — गेला कसला, मी नेला. नापास झाली तर महिना जाईल, पाऊस सुरू होईल, मग ह्यांचं मन फिरेल. एवढाच विचार. बबनभाऊ माझ्या मनातही आले नाहीत. मी प्लग ओढला, चादरी वर रचल्या आणि चहा टाकायला गेले.

गावाबाहेरच्या मैदानात गाड्यांची रांग होती. टेम्पो, वीर स्टेशनच्या रिक्षा, आणि आमचं ते चाकांवरचं घर. बबनभाऊ दुकान बंद ठेवून आले होते. साहेब तरुण होते, शांत. ब्रेक दाबायला सांगितला. दिवा लागला नाही. मग ते आत चढले, खाली वाकले, एकेक सांगत गेले — संकटात बाहेर पडायचा दरवाजा पलंगामागे, सिलिंडर मोकळा, मागचे टायर गुळगुळीत, हँडब्रेक उतारावर धरत नाही. म्हणाले, अशा गाड्या बहुतेक ह्याच कारणांनी नापास होतात. लोक घर करण्याच्या नादात ती गाडी आहे हे विसरतात.

बाकी सगळं ह्यांच्याच हट्टाचं होतं. दुसऱ्याचा दोष म्हणावा असा एक दिवाच. ह्यांचा सगळा राग त्या दिव्यावर निघाला — बबनभाऊंवर. सगळ्या ड्रायव्हर लोकांसमोर. "एक दिवा धड लावता येत नाही तुला? कशाला दुकान मांडून बसलायस?"

बबनभाऊ गोंधळले. "आरं, काल लावून बघितलाय. भाभींनी बघितलाय ना." आणि माझ्याकडे वळून, अगदी विश्वासानं — "सांगा ना भाभी."

मी म्हटलं, "मी नीट बघितलं नव्हतं."

प्लग ओढला ते एक वेळ वेडेपण म्हणा. पण हे? त्या क्षणी मी फक्त खरं बोलायला हवं होतं. काल बघितलेलं, तेवढंच. तेही मी बोलले नाही.

बबनभाऊंनी मान हलवली, पक्कड खिशात घातली आणि ते एसटी पकडायला निघून गेले. त्याच दुपारी मी प्लग परत बसवला. दिवा लागला तेव्हा हे म्हणाले, बघ, कधी लागतो, कधी नाही — असलं ह्याचं काम. त्यांनी सगळं वायरिंग दुसऱ्याकडून नव्यानं करून घेतलं. पलंग हलवला, टायर बदलले. पुढच्या खेपेला गाडी पास झाली.

आणि मला प्रवास आवडला! हे कसं सांगू? कशेडी घाट ओलांडून गोव्याकडे निघालो तेव्हा मी लहान पोरीसारखी खिडकीशी बसले होते. त्या ओट्यावर भाकऱ्या थापल्या, अनोळखी गावांत चहा प्यायलो, ह्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते इतकं बोलले. फक्त बबनभाऊंचं नाव निघालं की मी बाहेर बघायचे.

मैदानातल्या ड्रायव्हर लोकांनी ते बोलणं गावोगाव नेलं. दुकानावरची गिऱ्हाइकं कमी झाली. पुढे बबनभाऊंनी दुकान बंद केलं आणि ते मुलीकडे पनवेलला राहायला गेले.

गेल्या महिन्यात हे एकाएकी म्हणाले, "दिव्यापायी दोस्त तोडला मी. जाऊ दे, माफ करून टाकतो त्याला." स्वतः फोन केला आणि वीर स्टेशनवर त्यांना आणायला आमचीच गाडी घेऊन गेले. बबनभाऊ आले. थकलेत, दात पडलेत. मला म्हणाले, "भाभी, बऱ्या हाव ना?"

जेवताना ह्यांनी मोठ्या मनानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "झालं गेलं विसर, बबन. चूक कुणाकडूनही होते."

मी तिथेच उभी होते, भाकरी हातात घेऊन. तो प्लग त्यांनी एकट्या मलाच दाखवला होता, हे बबनभाऊंना आठवलं नसेल? त्यांनी ताटातून नजर वर केली नाही.

"व्हय रे," ते म्हणाले. "माझ्याच हातून ऱ्हायला आसंल कायतरी."

हे खूश झाले. म्हणाले, त्याला भाकरी वाढ ना. मी वाढली.