सात नंबरची एक जर्सी, दोन खेळाडू

“लिही, सात नंबर,” तायडे सर म्हणाले.

मी पेन उचललं नाही.

“काय झालं? शाई संपली का?”

“नाही सर. आधी थोडं बोलायचं होतं.”

आमच्या तालुक्यात एक क्रीडा मंडळ आहे. दर सव्वीस जानेवारीला ते तालुक्यातल्या एका खेळाडूचा सत्कार करतं. शाल, स्मृतिचिन्ह आणि चौकात फ्लेक्स. बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. पण ज्या घरात लग्नपत्रिका सोडून कुठेच कुणाचं नाव छापून आलेलं नाही, त्या घराला चौकातला फ्लेक्स किरकोळ नसतो. मी तशाच घरातली आहे, म्हणून खात्रीने सांगते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आधी खो-खो खेळायचे. गुडघा गेला, तेव्हा पंच परीक्षा दिली आणि गुणलेखक झाले. सामना चालू असताना बाजूच्या टेबलावर बसून जो लिहितो, तो गुणलेखक. कोण बाद झालं, कुणी केलं, किती मिनिटं किती सेकंद पळाल्यावर, हे सगळं तो गुणपत्रकात भरतो. नाव लिहायला वेळ नसतो. जर्सीवरचा नंबर लिहायचा. नंबर कुणाचा, हे सामन्याआधीच्या यादीत असतं. मला त्या कामाचं फोटो लावलेलं ओळखपत्र मिळालं, तेव्हा आईने ते दोन दिवस देवघरात ठेवलं होतं.

अक्षर बरं म्हणून सरांनी मला निवड समितीच्या बैठकीतही लिहायला बसवलं. समिती तिघांची. एक सदस्य आलेच नाहीत. उरले तायडे सर, म्हणजे आमचे निवृत्त पीटी मास्तर, आणि बोचरे काका. काकांचं बियाण्यांचं दुकान आहे आणि जीव कुस्तीत आहे.

तासभर वाद चालला होता. काकांना त्यांच्या ओळखीच्या एका मल्लाला पुरस्कार द्यायचा होता. जिल्ह्यात दोन वर्षं त्याची पाठ कुणी टेकवली नव्हती.

“कुस्तीत माणूस एकटा लढते,” काका म्हणाले. “खो-खोत नऊ पोट्ट्या पयतात. त्यातली एक कशी काढता तुमी?”

“गुणपत्रकातून.”

“कागदानं खेयाडू ठरते का वो सर?”

“मग काय मिशीनं ठरते? तुमच्या पहिलवानाची मोठी हाय, म्हणून इचारतो.”

काका हसले आणि हरले. सरांनी गुणपत्रक पुढे सरकवलं. त्या वर्षीच्या तालुका स्पर्धेतला मुलींचा अंतिम सामना, सात नंबर. पहिल्या डावात दोन मिनिटं वीस सेकंद संरक्षण. संरक्षण म्हणजे पाठलाग करणाऱ्यांच्या हाती न लागता मैदानात टिकून राहणं. शेवटच्या पाळीत तीन मिनिटं दहा सेकंद, नाबाद. त्या शेवटच्या पाळीनेच सामना जिंकून दिला होता. यादीत सात नंबरपुढे कल्याणीचं नाव होतं. ती संघाची कर्णधार.

अक्षर माझं होतं. म्हणूनच मला पेन उचलता येईना.

तो संघ सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा. मुली बारा, जर्स्या नऊ. खो-खोत बदली खेळाडू चालतो, पण त्याला स्वतःचा नंबर हवा. या मुलींनी आपली रीत काढली होती. जी बाहेर येईल, तिची जर्सी आत जाणारीने घालायची. चौघी ओढण्या धरून आडोसा करायच्या, आत दोघी जर्सी बदलायच्या. अंतिम सामन्यात पहिल्या डावानंतर कल्याणीचा पाय मुरगळला. तिची जर्सी घालून पूजा नावाची मुलगी आत गेली आणि शेवटपर्यंत पळाली.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. नियमाप्रमाणे पंचांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्या पोरी जीव तोडून खेळत होत्या आणि मला वाटलं, तीन जर्स्यांसाठी यांचा सामना कशाला अडवायचा. मी मुकाट्याने ‘सात’ लिहिलं. मला तो चांगुलपणा वाटला होता.

पण तेवढ्यावर ते संपलं नाही. बैठकीच्या आठवडाभर आधी संग्रामपूरच्या बाजारात मी वांगी घेत होते. वजन करता करता भाजीवाल्या काकांनी विचारलं, “पोरी, तू त्या सामन्यात टेबलावर लिहत होती ना?”

“हो.”

“मंग एक सांग. माही पूजा खरंच खेयली का? पोरगी म्हंते खेयली. गावातले म्हंतात, पाणी द्याले गेलती. तिचं नाव तं कुठीच नाही.”

मी म्हटलं, “खेळली काका. छान खेळली.”

“कागदावर हाय का?”

मी वांगी घेऊन निघून आले.

हे सगळं मी सरांना सांगितलं. सर माझ्याकडे बघत नव्हते, गुणपत्रकाकडे बघत होते.

“तुले नियम माहीत होता?”

“हो सर.”

“मी शिकवला होता?”

“तुम्हीच.”

“मंग काऊन नाही बोलली?”

“दया आली, सर.”

“दया आली तं पाणी पाजायचं असते बाई. खोटं नाही लिहायचं.”

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. काका म्हणाले, “त्या दोघीयले बोलवा ना. हिच्या एकटीच्या सांगण्यावर कायले ठरवता?”

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. कल्याणी पुढे, पूजा तिच्या मागे. कल्याणीला पुरस्काराची कुणकुण लागली असावी, नवीन ड्रेस घालून आली होती. ते पाहून मला आणखीच वाईट वाटलं.

सरांनी सरळ विचारलं, “शेवटच्या पाळीत सात नंबर कोण होतं?”

कल्याणीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं, आता ही ‘मीच’ म्हणणार. कागद तिच्या बाजूने होता.

“पूजा होती सर,” ती म्हणाली. “मले तं पाय बी टेकवता येत नव्हता. मीनंच जर्सी देली तिले.” मग घाईने म्हणाली, “पण पयला डाव माहा हाय. दोन मिनिटं वीस सेकंद. ते खोडू नका.”

“नाही खोडत,” सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “तू काय म्हणतेस पूजा?”

पूजा इतकी हळू बोलली की काकांना खुर्ची पुढे ओढावी लागली. “मले बक्षीस नको सर. बाबा रोज इचारतात, खरंच खेयली का. तेवढं कुठं लिहून भेटलं तं…”

कल्याणी तिच्याकडे वळून म्हणाली, “आतापर्यंत सांगितलं नाही तुनं? मी आली असती ना घरी तुह्या. बाबाले सांगितलं असतं.”

“तू कर्णधार होती.”

“मंग कर्णधार काय चावते का?”

काका मोठ्याने हसले. पूजाही हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. कल्याणीने तिला जवळ घेतलं. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण मलाही आवरेना.

त्या गेल्यावर समिती पुन्हा बसली. काका म्हणाले, “आता मी पहिलवानाचं नाव घेत नाही. द्या त्या पूजाले.”

गंमत बघा, आता सर नाही म्हणाले. ज्या गुणपत्रकात चूक निघाली, त्याच्या आधारावर पुरस्कार देता येत नाही. पूजाला दिला तर कल्याणीच्या दोन मिनिटं वीस सेकंदांचं काय? दोघींना द्यावा, तर मंडळाचा नियम एकाच खेळाडूचा. शिवाय संघ नियमाबाहेर जाऊन खेळला होता. निकालावर हरकत घ्यायची मुदत सामना संपल्यावर लगेचच संपते, म्हणून त्यांचा चषक राहिला, एवढंच.

मी विचारलं, “सर, म्हणजे मी सांगितल्यामुळे दोघींचंही गेलं?”

“तू तवा सांगितलं असतं तं पूजाले येगळा नंबर भेटला असता, दोघीयचंही राह्यलं असतं.”

मी पेनाला टोपण लावलं.

पुरस्कार मल्लाला मिळाला. तो लायक नव्हता असं मी म्हणणार नाही. चौकात त्याचा फ्लेक्स लागला, काका त्याच्याखाली उभे राहून फोटो काढत होते. मला सरांनी एका हंगामासाठी गुणलेखनातून बाजूला केलं. घरी सांगितलं तेव्हा आईने फक्त विचारलं, “कार्ड परत घेतलं का?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मंग झालं.”

पण सरांनी आणखी एक काम केलं. गुणपत्रकाला जोडायला दुरुस्ती पत्र तयार केलं. पहिल्या डावापुढे कल्याणीचं नाव, शेवटच्या पाळीपुढे पूजाचं. वेळ जशीच्या तशी. खाली गुणलेखक म्हणून माझी सही, मुख्य पंचांची सही, सरांची सही आणि शिक्का. ‘कारण’ या रकान्यात सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं, ‘गुणलेखकाने बदलीची नोंद केली नाही.’ माझी चूक माझ्याच अक्षरात. त्याच्या दोन झेरॉक्स मी स्वतः नेऊन दिल्या. कल्याणीला तिच्या घरी आणि पूजाच्या बाबांना बाजारात.

त्यांनी हात धोतराला पुसले आणि कागद घेतला. एकेक अक्षर लावत वाचला. पूजाच्या नावाशी थांबले.

“हे नाबाद म्हंजे काय?”

“म्हणजे शेवटपर्यंत कुणाच्याच हाती लागली नाही.”

“हाव का?” ते म्हणाले. “घरी बी तशीच हाय. काम सांगाले गेलं का हाती लागत नाही.”

मग शेजारच्या मिरचीवाल्याला त्यांनी हाक मारली. “ओ भाऊ, इकडं या जरा. वाचा हे.” मिरचीवाल्याने वाचलं. त्याच्या पलीकडच्या कांदेवाल्या बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी तिथे असल्याचं कुणाच्या लक्षातही नव्हतं. मी निघाले.

या हंगामात मी पुन्हा टेबलावर बसते आहे. ‘दया आली’ हे कारण गुणपत्रकाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, एवढं मला कळलं आहे. म्हणून आता यादी हातात आली की मी आधी जर्स्या मोजते. कमी पडल्या तर सामन्याआधीच पंचांना सांगते आणि त्यांच्या परवानगीने जुन्या चादरीच्या चिंध्यांवर मार्करने दहा, अकरा, बारा लिहून मुलींच्या पाठीला टाचते. ते दिसायला चांगलं दिसत नाही. पाच मिनिटं लागतात.