खंडेनवमीला गेलेली लायब्ररी

अन्याय झाला तो आष्ट्याहून रोज एस.टी.नं सांगलीला कामाला येणाऱ्या एका मुलीवर. शहाण्णव साली, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या. आधीच सांगून टाकतो, कारण त्या दुकानात याला अन्याय असं कुणीच म्हटलं नाही.

दुकान म्हणजे दोन खोल्यांचं कॉम्प्युटर सेंटर. बाहेरच्या खोलीत क्लास, आतल्या खोलीत ती आणि मी शाळांच्या निकालाचे प्रोग्राम करायचो. प्रोग्राम तिचा, टायपिंग माझं. संध्याकाळी मी ज्या संघटनेत होतो तिची पत्रकं लिहायला पळायचो. सगळंच काही आम्ही लिहीत नव्हतो. आकडेमोडीचं काम करणारी एक लायब्ररी दुकानाच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, पुण्याहून विकत आणली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या कामांची फाईल. आपला प्रोग्राम बांधताना ती आत जोडून घ्यायची. साडेचौतीस गुणांचे पस्तीस करायचे, हे ती लायब्ररीच करायची.

शनिवारी दुपारी एका शाळेचे मुख्याध्यापक सहामाहीचा निकाल हातात घेऊन आत घुसले.

"साडेचौतीसवाली सगळी पोरं नापास! अर्धा गुण जड झाला का तुमच्या मशीनला? एका पोराला बापानं पट्ट्यानं मारलंय."

सरांनी सरळ तिच्याकडं बोट केलं. "हिनंच आठवड्यापूर्वी हात लावलाय."

हात लावला होता, खरंय. शाळेला हजेरीचा रकाना हवा होता, म्हणून तिनं प्रोग्राम नव्यानं बांधला होता, म्हणजे लायब्ररीही नव्यानं जोडली गेली होती. पण गुणांच्या ओळीला ती शिवलीसुद्धा नव्हती. तिनं पडद्यावर फाईलींची यादी काढली आणि म्हणाली, "सर, ही लायब्ररी आपली न्हाई. हिची तारीख बघा, आपण घेतलेल्या फाईलीच्या आधीची हाय."

"नाव तेच आहे ना? मग फाईलही तीच."

"नाव तेच असतंय सर, आतलं बदलतंय."

"मला शिकवू नकोस."

मुख्याध्यापकांनी बजावलं, "चूक कुणाची ते सोमवारी मला लेखी पाहिजे." आणि ते गेले. ती जागची हलली नाही. लायब्ररीचा नाद सोडून अर्धा गुण वर घेणाऱ्या दोन ओळी तिनं स्वतः लिहिल्या, नवा निकाल छापला आणि मगच शेवटची एस.टी. धरली. त्या लेखी कागदावर आपलं नाव गेलं तर घरचे परत सांगलीला पाठवणार नाहीत, एवढंच जाताना मला म्हणाली.

रविवारी साताऱ्यात आमच्या संघटनेची बैठक होती. ती उरकून मी सरांच्या तिथल्या दोस्ताकडं गेलो. त्याचाही क्लास होता, तीच लायब्ररी वापरायचा. विचारल्यावर तो हसायलाच लागला.

"आरं गड्या, दसरा झाल्यावर तुजा मालकच आला हुता की! म्हणला, साफसफाई म्हणून हार्डडिस्क पुसून कोरी केली, खंडेनवमीला फ्लॉप्या उघड्या करून पूजेत मांडल्या, लायब्ररीच्या फ्लॉपीत कुंकवाचं पाणी गेलं. तुज्याकडची दे. म्या म्हटलं, माजी लय जुनी हाय, अर्धा गुण कापून टाकती. तर म्हणला, चालतंय, नाव तेच हाय न्हवं?"

म्हणजे माणसाला माहीत होतं! शनिवारी बोट दाखवताना माहीत होतं!

सोमवारी सर शटर वर करत होते, तेव्हाच मी ते तोंडावर बोललो. ती शेजारीच उभी होती. सर माझ्यावर ओरडले नाहीत, आवाज खाली आणून म्हणाले, "पूजेनं फ्लॉपी गेली असं शाळेला लिहून देऊ? सगळी सांगली हसेल. पुढच्या वर्षी एक शाळा तरी दारात येईल का?"

"आणि हिचं काय?"

"तिचं काय, नवीन आहे. चूक होते माणसाकडून. आज ना उद्या लग्न करून जायचीच आहे."

ती म्हणाली, "मग तुमची झाली असं लिवा की. माणूसच हाय न्हवं तुमी?"

सरांनी आत जाऊन तिचंच नाव लिहिलं. तिनं ओढणी सावरली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली. मीही त्या दिवशी दुकान सोडलं, पण मला दुसऱ्या आठवड्यात काम मिळालं. ती दोन क्लासमध्ये विचारून आली. दोन्हीकडं निकाल बिघडवणारी मुलगी म्हणून आधीच ओळखत होते. मग आष्ट्यातून ती आलीच नाही.

तुम्ही क्लास चालवता, ऑफिस चालवता, दुसऱ्याची लायब्ररी आणून आपल्या कामात जोडता. ती कोणती, कधीची, कुणाकडून आणली हे कामाशेजारी लिहून ठेवा. बदललीत तर ज्याच्या हातून काम बाहेर जातं, त्याला त्याच दिवशी सांगा. आणि तुमच्या गप्प बसण्यानं कुणाचं नाव आजही खराब असेल, तर हा कागद खाली ठेवा, त्या माणसाच्या दारात जा आणि चार लोकांसमोर सांगा की चूक तुमची होती.