आडवी शेपटी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. पण रत्नागिरीतल्या आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या डॉल्फिनचं कौतुक निवृत्तीनंतरही माझ्याच वाट्याला येत राहिलं. ते आता सहन होत नाही, म्हणून लिहितो.

मी तिथे विज्ञान शिकवायचो. शाळेचे शिपाई पूर्वी मच्छीमार बोटीवर खलाशी होते. सगळे त्यांना मामा म्हणत. माशांचा धडा आला की ते जेटीवरून बादलीत जिवंत बोय मासा घेऊन यायचे. "पाठीवरचा पर कशाला? कलंडू नये म्हणून. बाजूचे वळायला नि थांबायला. पुढे ढकलते ती शेपटी. बघा कशी डावी-उजवी मारतोय!" मुलं बादलीवर तुटून पडत. मी खडू घेऊन मागे उभा. मला ते फारसं रुचत नसे.

एका वर्षी प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीवर मी डॉल्फिन रंगवला. नमुना म्हणून बाजारातून सुरमई आणली आणि तिच्यासारखी उभी शेपटी डॉल्फिनला दिली. सुरमई दुपारी तळून खाल्ली. चित्र बघायला शिक्षक जमले, तेव्हा मामा म्हणाले, "सर, शेपटी चुकली हो. ह्याची आडवी असते. वर-खाली मारतो. श्वासाला सारखं वर यावं लागतं ना त्याला! जाळ्यातून सोडवताना आम्ही दोघं शेपटीला लटकलोय, उचलून आपटलंन आम्हाला."

"मामा, तुम्ही घंटा वेळेवर द्या. डॉल्फिनचं मी बघतो," मी म्हणालो. सगळे हसले. मामाही हसले, जरा उशिरा.

त्याच संध्याकाळी मी पुस्तक उघडलं. शेपटी आडवीच होती. रविवारी कोणी नसताना जाऊन मी ती बदलली. सोमवारी मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "आपली चूक आपणच शोधणारा शिक्षक विरळा." मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. त्यानंतर मामांनी माझ्या वर्गात बादली आणली नाही. मीही मागितली नाही.

यंदा शाळेतल्या नव्या बाईंनी मामांच्या सुनेला बोलावलं. ती मासे विकते. मीही गेलो होतो. तिने पाकट हा चपटा मासा आणला होता. "ह्याचे बाजूचे परच बघा केवढे पसरलेत! चादर झटकावी तसे हलवत जातो," ती म्हणाली. एका मुलीने विचारलं, "डॉल्फिनचे बाजूचे पर पण असेच?" सून म्हणाली, "त्यात आपल्या हातासारखी हाडं असतात गो. मासा नव्हे तो." मुलं आपापले हात चाचपू लागली.

मी उठलो आणि भिंतीवरची शेपटी कोणी दुरुस्त केली, ते सगळ्यांना सांगितलं. सून म्हणाली, "मामंजी घरी कधी बोलले नाहीत." बाईंनी चित्राखाली ते लिहून घ्यायचं ठरवलं आहे. मला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

पण मामा ऐकायला नव्हते. गेल्या वर्षी, वारण्याच्या थोडं आधी, ते एसटी स्टँडवर भेटले होते. "बरे आहात ना, सर?" म्हणाले. मी गुडघेदुखीचं सांगत बसलो. सांगायचं होतं ते एवढंच: मामा, तुमचं बरोबर होतं, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी तुमचं हसं केलं, वर तुमचं श्रेयही घेतलं. मला माफ करा.