‘एकदम फिट, सर!’ म्हणणाऱ्या माणसाचं दुखणं

गेल्या मंगळवारी सकाळी मामा मंद्रूपहून आले आणि आमच्या जिन्यातच थांबले. नेहमीचा जिना, पण कठड्याला हात लावून नुसते उभे… मी वरून विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय, चप्पल बघतोय."

मामा म्हणजे माझे सासरे. फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता गावाकडे शेती बघतात. त्यांच्या मागून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पिशवी घेऊन वर आल्या. त्यांचा चेहरा पार उतरलेला होता.

नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. त्याला फोन केला तर म्हणाला, "आबांचं कार्ड आहे ना, मग काळजी कसली?" (आबा म्हणजे मामाच.) मलाही तसंच वाटलं. जिन्यात असं थांबणं मला हृदयाचंच वाटत होतं, म्हणून दोघांना रिक्षात बसवलं आणि निघाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते… निवृत्त फौजींना सरकारकडून एक हेल्थ कार्ड मिळतं. पॅनेलवरच्या हॉस्पिटलात ते दाखवलं की उपचार कॅशलेस. निदान आमची तशी समजूत होती.

पहिल्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातातही घेतलं नाही. मागची बिलंच मंजूर होऊन आली नाहीत, त्यामुळे सध्या बंद आहे म्हणाली. दुसऱ्या ठिकाणी कार्ड चालत होतं, पण फक्त हाडांसाठी आणि डोळ्यांसाठी… हृदयाचे डॉक्टर पॅनेलमधून कधीच बाहेर पडले होते. तिथे माझा आवाज चढला. मला राग किती पटकन येतो हे माझं लिखाण नेहमी वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मी म्हटलं, मामा, आपण सरळ पैसे भरून दाखवू. तर त्यांचाच पारा चढला. "कार्ड काय भीक म्हणून दिलंय व्हय? नोकरी केलीय की!"

तिसऱ्या हॉस्पिटलात हृदयाचे डॉक्टरही होते आणि कार्डही घेत होते. पण आधी फौजींच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल आणा म्हणाले. इमर्जन्सी असेल तर मात्र थेट ॲडमिट करून घेतो… हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. तिथल्या माणसाने मामांना विचारलं, "आजोबा, छातीत दुखतंय का?"

मामा खुर्चीत ताठ बसले होते. "न्हाय न्हाय. ठीक हाय की."

मी कपाळाला हात लावला. त्या बिचाऱ्याने तरी काय करायचं? इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, सरळ पाठ… असा माणूस इमर्जन्सी आहे असं कुणाला वाटणार?

पुन्हा रिक्षा. मामा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले आणि मागे मी आत्यांजवळ चिडचिड केली. आत्या हळूच म्हणाल्या, "पोरी, दुखतंय म्हणणाऱ्याला पलटणीत कामचुकार म्हणत्यात. त्येंची ती सवयच हाय."

पॉलिक्लिनिकमध्ये ही गर्दी. सगळे म्हातारे फौजी, शेजारी पिशव्या धरून बसलेल्या त्यांच्या बायका. बऱ्याच वेळाने नंबर लागला. तिथले डॉक्टर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांना बघताच मामा सावधानच्या पवित्र्यात उभे राहिले.

"कैसे हैं, साहब?"

"एकदम फिट, सर!"

डॉक्टरांनी मान डोलावली, बीपी तपासलं आणि नेहमीच्या गोळ्या लिहायला घेतल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या पुढे झाल्या. चारचौघांत मामांच्या आधी ही बाई कधी बोललेली मी पाहिलेली नाही…

"साहेब, खोटं हाय ते. चार पावलं चालले की थांबत्यात. झोपंतनं उठून छाती चोळत बसत्यात. त्येंला वाटतं मी झोपलीय… मी जागीच असते की."

मामांनी असं काही पाहिलं त्यांच्याकडे! आत्यांनी मान खाली घातली, पण मागे सरकल्या नाहीत.

डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि उठून उभे राहिले. त्यांचा आवाजच बदलला. "साहब, ये ऑर्डर है. सच बताइए."

मामांनी समोरच्या भिंतीवर नजर लावली आणि रिपोर्ट द्यावा तसं बोलले. "दर्द है, सर. बाएँ हाथ तक जाता है, सर." मग खुर्चीत बसले आणि त्यांचे खांदे खाली आले. मला तिथेच रडू फुटलं.

पुढचं सगळं भराभर झालं. ईसीजी बघून डॉक्टरांनी त्या तिसऱ्या हॉस्पिटलला स्वतः फोन लावला आणि ॲम्ब्युलन्स मागवली. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. अजून थोडे दिवस अंगावर काढलं असतं तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

मामा आता बरे आहेत, वॉर्डात हलवलंय. पॉलिक्लिनिकच्या त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. हॉस्पिटलांची बिलं कुणामुळे अडकतात हे मला माहीत नाही, त्यात त्यांचीही अडचण असेल. पण आयुष्यात कधी ‘दुखतंय’ न म्हणालेल्या माणसाला आपण या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरवतो आणि दुखणं सिद्ध करायला लावतो, याची मला फार लाज वाटली.

तुमच्या घरात, शेजारात कुणी निवृत्त फौजी असेल तर त्याची तब्येत त्याला विचारू नका… त्याच्या बायकोला विचारा.