मंदाचं चष्म्याचं घर

मंदा गेल्याचं मला भाजीवालीनं सांगितलं. सकाळचे साडेआठ वाजले असतील. मखमलाबादहून येणारी आमची सखूबाई दारात टोपली उतरवून बसली आणि रडायलाच लागली. एका हातात मेथीची जुडी आणि पदर डोळ्यांना. "बाई, मंदाताई गेल्या हो... आत्ता त्यांच्याच दारावरून आले." मी उंबऱ्यात उभी. आता खरं सांगायचं तर, आणि खरं सांगायचं नसेल तर हे लिहायचंच कशाला, माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आधी आलं ते हे की, हिला माझ्या अगोदर कसं कळलं? अडतीस वर्षांची मैत्रीण माझी, घर एक गल्ली सोडून, आणि बातमी मात्र मेथीबरोबर यावी! वर ही बाई माझ्यापेक्षा जास्त रडत होती. मी गेल्यावर ही अशी रडेल का, हेही मी तिथंच उभ्या उभ्या मनाशी विचारून घेतलं. मग मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

मंदा झोपेत गेली. सकाळी चहा टाकायला उठली नाही म्हणून सून बघायला गेली, तर सगळं संपलेलं. ना दवाखाना, ना नळ्या, ना कुणाच्या तोंडाकडे बघत पडून राहणं. मरणसुद्धा हेवा वाटावा असं. अंत्यदर्शनाला गल्ली भरून माणसं होती. रिक्षावाले होते, गिरणीवाला होता, गॅस सिलिंडर देणारा होता. मी कोपऱ्यात उभी राहून माणसं मोजत होते आणि लाज वाटत होती तरी मोजणं थांबत नव्हतं.

आम्ही दोघी पंचवटीतल्या एकाच शाळेत शिक्षिका. मी गणित, ती चित्रकला. मी आयुष्यभर लाल पेन हातात धरलं आणि अर्धा गुणसुद्धा कुणाला उगाच दिला नाही. ती सगळ्यांना 'अ' श्रेणी द्यायची. मोर काढायला सांगितला आणि पोरानं कोंबडी काढली तरी 'अ'. "अगं, त्यानं कोंबडी किती मन लावून काढलीय बघ," म्हणायची. माझ्या हाताखालची मुलं इंजिनिअर झाली, कुणी ओझरच्या कारखान्यात लागलं, कुणी परदेशात गेलं. पण मेनरोडवर एखादा जुना विद्यार्थी भेटला की गाडी थांबवून आधी तिच्या पाया पडायचा. मग मी दिसले की शर्ट नीट करायचा आणि "नमस्कार बाई" म्हणून दोन पावलं मागं सरकायचा. माझा जळफळाट व्हायचा. घरी येऊन मी नवऱ्याला सांगायचे, तर ते म्हणायचे, "तुला घाबरतात, म्हणजे मानतात." मी त्यावर समाधान मानून घेतलं. मान वेगळा आणि लाड वेगळे, तिच्या वाट्याला लाड, माझ्या वाट्याला मान, अशी माझ्यापुरती वाटणी मी करून टाकली होती.

ती काही देवी नव्हती हेही सांगते. दिलेल्या वेळेला कधी आली नाही. माझी पुस्तकं नेली ती परत केली नाहीत. कॉफी बशीत ओतून आवाज करत प्यायची, भर हॉटेलात. आणि एकच किस्सा दर महिन्याला नव्यानं सांगायची.

निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी चार वाजता आम्ही रिक्षा करून पुलापलीकडे अशोकस्तंभाजवळच्या एका उडपी हॉटेलात जायचो. खिडकीजवळचं टेबल, दोघींत एक साधा डोसा, एक उत्तप्पा आणि दोन कॉफ्या. बिल निम्मं निम्मं. पण टीप किती ठेवायची ते मी ठरवायचे. तिथं माझी पद्धत होती. वेटरला दहापैकी गुण. पाणी न मागता आलं तर दोन. ग्लासात अंगठा बुडवून आणलं तर त्यातला एक कमी. टेबल पुसताना ओलं फडकं आमच्या अंगाकडे ओढलं तर आणखी एक कमी. डोसा गरम आला तर तीन, सांबार गरम असेल तर दोन, आणखी हवं का विचारलं तर एक, आणि कॉफी डोशानंतर आली, बरोबर नाही आली, तर दोन. जितके गुण, तितके रुपये. महागाई वाढली तसे मी गुणाला दोन रुपये केले, पण गुण वाढवले नाहीत. बडीशेपेच्या बशीत पैसे ठेवताना मी मोठ्यानं सांगायचे, "आज सहा." चांगलं काम केलं तर चांगलं, वाईट केलं तर काही नाही. यात चूक काय, हे मला आजही कुणी समजावून सांगावं. मंदा एवढंच म्हणायची, "कुसुम, अगं तो परीक्षेला नाही बसलेला. उभा आहे सकाळपासून."

राजाराम नावाचा वेटर तिथं जुना. घोटीकडचा, आता पन्नाशी उलटलेला. एका गुरुवारी त्याच्या हातून सांबाराची वाटी माझ्या मोतिया साडीवर कलंडली. नवी साडी, मुलानं आणलेली. मी बशी रिकामी ठेवली आणि "शून्य" म्हणून उठले. रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला, तेवढ्यात मंदा म्हणाली, "अगं, चष्मा राहिला!" ती आत गेली ती पाच मिनिटं बाहेर आली नाही. मी डागाळलेल्या साडीत उन्हात उभी.

त्यानंतर तिला विसरण्याचं वेडच लागलं. दर गुरुवारी चष्मा टेबलावर. दर गुरुवारी मी रिक्षा थांबवून उभी आणि ती आत. पहिले काही महिने मी चिडले, मग काळजीत पडले. तिची सून प्राजक्ता, तिला मी बाजूला घेऊन सांगितलं की सासूबाईंचं विसरणं वाढलंय, डॉक्टरांना दाखव. तिनं खरंच नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. मी मनात म्हटलं, डॉक्टरला काय कळतंय. मग मी तिच्या वाढदिवसाला चष्म्याला लावायची दोरी आणली, गळ्यात अडकवायची. आता कशी विसरेल? पुढच्या गुरुवारी चष्मा गळ्यात होता. रिक्षात एक पाय ठेवला आणि म्हणाली, "अगं बाई, चष्म्याचं घर राहिलं!" मी कपाळावर हात मारून घेतला.

मात्र त्याच सुमारास हॉटेलातली सेवा सुधारली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. आम्ही पायरी चढलो की खिडकीजवळचं टेबल पुसलेलं असायचं. पाणी यायचं, त्यात अंगठा नसायचा. राजाराम मला "या बाई" म्हणायचा, आधी मला आणि मग तिला. मी मंदाला म्हटलं, "बघितलंस? एकदा शून्य दिलं तर कशी शिस्त लागली!" ती कॉफी फुंकत होती. "हो गं, तुझीच शिस्त," एवढंच म्हणाली. ते वाक्य मी किती वर्षं मिरवलं! सगळ्या नाशकात निदान एक जागा होती, जिथं मंदापेक्षा माझा शब्द वर होता. तेवढ्यासाठीही मी गुरुवारची वाट बघायचे, हे आज कबूल करते.

तेराव्याला प्राजक्तानं तिच्या वस्तू वाटल्या. बहिणीला पैठणी गेली, भाचीला चित्रं गेली. मला बाजूला बोलावून तिनं हातात ठेवलं ते चष्म्याचं घर. तपकिरी, कडेला झिजलेलं, झाकण सैल. "मावशी, आईंनी खूप आधी सांगून ठेवलं होतं, हे कुसुमलाच द्यायचं." मी आभार मानले, पण आतून खट्टूच झाले. अडतीस वर्षांनी पैठणी नाही, एखादा मोरसुद्धा नाही... रिकामं चष्म्याचं घर! घरी येऊन उघडलं तर आत घडी घालून ठेवलेल्या वीस-वीसच्या तीन नोटा. ही बाई पैसेसुद्धा कुठंही ठेवते, असं म्हणून मी ते झाकण लावून टाकलं.

मग दोन गुरुवार मी गेले नाही. तिसऱ्या गुरुवारी घरात बसवेना म्हणून एकटीच रिक्षा केली. चष्म्याचं घर पर्समध्ये होतं, का घेतलं ते ठाऊक नाही. राजारामनं पाणी आणलं, समोरची खुर्ची रिकामी बघितली आणि त्याला कळलं. मी सांगितलं. तो फडकं खांद्यावर टाकून तसाच उभा राहिला.

"लय वाईट झालं बाई. लय चांगल्या होत्या ताई." मग म्हणाला, "पण एक बोलू का? आमच्यात नाव निघतं ते तुमचं. ताई नुसत्या बोलायला गोड. देणाऱ्या तुम्हीच."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो अगदी मनापासून बोलत होता.

"राग मानू नका बाई, पण आधी तुमच्या टेबलावर कुणी यायला मागत नव्हतं. तुम्ही पायरी चढलात की आम्ही एकमेकांकडं बघायचो. नवीन कुणी असला की त्याला पुढं ढकलायचो. मग ते सांबार सांडलं त्या दिवशी ताई परत आत आल्या, माझ्या हातात नोटा दिल्या. बोलल्या, बाईंनी पाठवल्यात. त्यांना समोर द्यायला आवडत नाय, वरून कडक हायेत, आतून नाय. तवापासून दर गुरुवारी. कधी चुकल्या नाय तुम्ही. आता समदे मोबाईलनं बिल भरत्यात, वर कुणी काय ठेवत नाय. पण तुम्ही ठेवलंत."

खरं सांगते, पहिला क्षण आनंदाचा होता. मंदापेक्षा मी वरचढ! कुणीतरी मला सांगत होतं की माणसं मला मानतात, तिला नाही, आणि माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं की मी त्याचा अर्थच लावला नाही. मग हळूहळू तो कळला. तो चष्मा, ती दोरी, ते घर, ते रिक्षाजवळ उभं राहणं. पुसलेलं टेबल, "या बाई", माझी शिस्त... सगळं तिनं दिलेलं होतं. जी एकच जागा मी माझी म्हणून जपली होती, तीसुद्धा तिनंच माझ्यासाठी बांधून दिली होती आणि वर "तुझीच शिस्त" म्हणून कॉफी फुंकत बसली होती. मला तिचा एवढा राग आला, एवढा हेवा वाटला, की समोर असती तर मी तिच्याशी बोलणं टाकलं असतं. आणि समोर नव्हती म्हणून मी पर्समधलं तिचं चष्म्याचं घर काढून हातात धरलं. माझ्याबरोबर बसता यावं म्हणून ही बाई मला लोकांच्या गळी उतरवत राहिली, आणि मी तिला डॉक्टरकडे पाठवलं.

डोसा आला तो बोलण्याच्या नादात गार झालेला. कॉफीही त्याच्याबरोबरच आली. माझ्या हिशेबानं चार गुणसुद्धा होत नव्हते. मी बिल दिलं, बशी रिकामी ठेवली आणि दारापर्यंत गेले. तिथून परत फिरले. चष्म्याचं घर उघडून त्या तीन नोटा राजारामच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "हे मंदाताईंचे."

तो हसला. "त्यांचे कुठले? त्या नुसत्या आणून द्यायच्या. तुमचेच की बाई, नेहमीसारखे."

एक वाक्य बोलायचं होतं. अरे, नेहमीही तिचेच होते. पाच शब्दसुद्धा नाहीत. माझ्या तोंडून ते निघालं नाही. आदरानं मान लववून तो उभा होता, आणि मला तो आदर हवा होता, तिचा असला तरी हवा होता. मी नुसती मान हलवली आणि पायरी उतरले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, आणि मैत्रिणीचं श्रेय तिच्या पश्चात तिच्याच चष्म्याच्या घरासकट पर्समध्ये घालून मी घरी आले.

म्हणून हे लिहून वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवलं. त्या हॉटेलात हेच वर्तमानपत्र येतं, गल्ल्याशेजारी पडलेलं असतं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना राजाराम पुरवणी वाचतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तर राजाराम, दर गुरुवारी आलेले ते पैसे मंदाताईंचे होते. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. मी पाठवले नव्हते. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी तुला त्या दिवशी शून्यच दिलं होतं.

चष्म्याचं घर आता माझ्या टेबलावर असतं. माझा चष्मा त्यात बसत नाही, काड्या रुंद आहेत. मी त्यात वीसच्या नोटा घालून ठेवल्यात, घडी तिच्यासारखी जमत नाही. येत्या गुरुवारी चार वाजता मी जाणार आहे. खिडकीजवळच्याच टेबलावर बसेन, हाक मारणार नाही. पाणी घेऊन कुणी येतं का, तेवढं मला बघायचं आहे.